एका पायाने सुरू केलेली धाव : टेरी फॉक्स, हाडाचा कॅन्सर आणि गावोगावचे स्वयंसेवक



रविवारी पहाटे रस्त्यावर एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी पळताना तुम्ही पाहिली असतील. कोपऱ्यावर टेबल मांडलेलं असतं, त्यावर पाण्याचे पेले आणि केळी असतात. कॉलेजची मुलं शिट्ट्या वाजवून गाड्या थांबवत असतात. छातीवर नंबर लावलेले आजोबा हळूहळू चालत असतात. विचारलं तर कळतं की ही "चॅरिटी रन" आहे, एखाद्या रुग्णालयासाठी किंवा आजारावरच्या संशोधनासाठी पैसे जमा करणारी.

असं पाहिलं की अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो, आणि तो रास्तही आहे. "डॉक्टर, पळण्याने कॅन्सर कसा बरा होणार? पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत की!"

या प्रश्नाचं उत्तर मला एका मुलाच्या गोष्टीत सापडतं. ती गोष्ट कॅनडातली आहे आणि ४५ वर्षांहून जुनी आहे. तिच्यात वैद्यकशास्त्राचा इतिहास आहे, आणि तुमच्या घरात वाढत्या वयाचं मूल असेल तर तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक सूचनाही आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गुडघा दुखतोय, पण खेळ संपू दे

टेरी फॉक्सचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी कॅनडातील विनिपेग शहरात झाला. पुढे फॉक्स कुटुंब पश्चिम किनाऱ्याजवळच्या पोर्ट कोक्विटलम या गावात राहायला गेलं. टेरीला बास्केटबॉलचं वेड होतं. उंची बेताची आणि खेळही सुरुवातीला यथातथाच, पण चिकाटी जबरदस्त. त्या जोरावर त्याने आधी शाळेच्या आणि मग विद्यापीठाच्या संघात जागा मिळवली.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या गाडीला अपघात झाला. फारसं लागलं नव्हतं, फक्त उजवा गुडघा दुखावला. पुढे गुडघा अधूनमधून दुखत राहिला. बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते अंगावर काढलं. मार्च १९७७ मध्ये मात्र वेदना असह्य झाल्या. तपासणीत निदान झालं ऑस्टिओसार्कोमाचं, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचं. टेरी तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याच महिन्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या सुमारे १५ सेंटीमीटर वरून कापावा लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. अपघातामुळे कॅन्सर होत नाही. टेरीलाही दुखणं अपघाताचं आहे असंच वाटत होतं, आणि बहुतेक कुटुंबांना तसंच वाटतं. प्रत्यक्षात लागल्यामुळे आपलं लक्ष त्या जागेकडे जातं, इतकंच.

ऑस्टिओसार्कोमा म्हणजे काय?

हा आजार दुर्मिळ आहे. पण किशोरवयीन मुलांच्या हाडांत सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये तो सर्वांत जास्त आढळतो. साधारण १० ते २० या वयात, जेव्हा उंची झपाट्याने वाढत असते, तेव्हा तो दिसतो. सर्वांत नेहमीची जागा म्हणजे गुडघ्याच्या आसपास : मांडीच्या हाडाचं खालचं टोक किंवा नडगीच्या हाडाचं वरचं टोक. उंची वाढते ती मुख्यतः याच टोकांतून.

हा आजार हाडापुरता थांबत नाही, ही त्याची मोठी अडचण आहे. कॅन्सरच्या पेशी रक्तातून फुफ्फुसात जातात. निदानाच्या दिवशी छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी अनेक रुग्णांत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण आधीच तिथे जाऊन बसलेले असतात. म्हणूनच १९७० पूर्वी फक्त पाय कापण्याचा उपचार होता, तेव्हा शंभरातले वीस रुग्णही दीर्घकाळ जगत नसत. पाय जायचा आणि काही महिन्यांनी फुफ्फुसात गाठी उगवायच्या.

१९७० च्या दशकात चित्र बदलू लागलं. शस्त्रक्रियेच्या जोडीला केमोथेरपी देण्याचे प्रयोग सुरू झाले. टेरीला सांगण्यात आलं की त्याच्या जगण्याची शक्यता ५० टक्के आहे, आणि दोनच वर्षांपूर्वी ती फक्त १५ टक्के सांगितली गेली असती.

हे दोन आकडे टेरीच्या मनात घर करून बसले. दोन वर्षांत हा फरक कोणी पाडला? नशिबाने नव्हे, संशोधनाने. तो सोळा महिने केमोथेरपी घेत होता. उलट्या, केस गळणं, अशक्तपणा हे सगळं त्याने भोगलं. पण आजूबाजूच्या खाटांवरची माणसं आणि लहान मुलं पाहून तो अधिक हलला. आपण वाचलो ते कोणीतरी आधी पैसे दिले, कोणीतरी आधी प्रयोग केला म्हणून. मग पुढच्यांसाठी आपण काय करणार? त्याच्या धावेची सुरुवात या प्रश्नात आहे.

"मी कॅनडा पळत ओलांडणार"

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांनी त्याला एक मासिक आणून दिलं होतं. त्यात डिक ट्रॉम या एका पायाच्या धावपटूवर लेख होता. ट्रॉम यांनी १९७६ मध्ये कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण केली होती. टेरीने तो लेख मनात जपून ठेवला.

१९७९ च्या सुरुवातीला त्याने सराव सुरू केला. आधी अर्धा किलोमीटरसुद्धा जड जात होता. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी बनवलेला होता, पळण्यासाठी नाही. तो पुढे येऊन पुन्हा सरळ व्हायला क्षणभर वेळ घ्यायचा, म्हणून टेरीला चांगल्या पायावर दोनदा उडी मारावी लागे आणि मग एक पाऊल कृत्रिम पायाचं. व्रण, फोड, रक्त हे रोजचंच झालं. ऑगस्टच्या अखेरीस प्रिन्स जॉर्ज या गावातल्या २७ किलोमीटरच्या शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला, त्याच्या आधीच्या धावपटूनंतर दहा मिनिटांनी. पण ते अंतर त्याने पूर्ण केलं.

घरी येऊन त्याने सांगितलं की मी अख्खा कॅनडा पळत ओलांडणार आणि कॅन्सर संशोधनासाठी पैसे जमवणार. आईला, बेटी फॉक्स यांना, आधी हा वेडेपणाच वाटला.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्याने कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीला पत्र लिहून मदत मागितली. सोसायटीने सावधपणे होकार दिला : आधी प्रायोजक मिळव, डॉक्टरकडून तपासणी करून घे. मोठ्या कंपन्यांनाही पत्रं गेली. एकीने गाडी दिली, एकीने इंधन, एकीने बूट. माझ्या धावेतून जाहिरातीचा किंवा नफ्याचा लाभ कोणी घेऊ नये, ही टेरीची अट होती. तशी अपेक्षा ठेवणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला.

दहा हजार माणसं, दहा हजार डॉलर

१२ एप्रिल १९८० रोजी कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स इथे टेरीने कृत्रिम पाय अटलांटिक समुद्रात बुडवला आणि पळायला सुरुवात केली. पश्चिमेला पॅसिफिकमध्ये ओतण्यासाठी समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं. सोबत एकच मित्र होता, डग ऑलवर्ड. तो गाडी चालवायचा, दर मैलाला पुढे जाऊन थांबायचा, पाणी द्यायचा, जेवण करायचा. टेरीचा धाकटा भाऊ डॅरेल पुढे येऊन मिळाला. उपक्रमाचं नाव होतं "मॅरेथॉन ऑफ होप", म्हणजे आशेची मॅरेथॉन. टेरी रोज साधारण ४२ किलोमीटर पळत होता. आपल्याकडे लोक वर्षभर तयारी करून एक मॅरेथॉन पळतात आणि नंतर आठवडाभर जिना उतरताना कण्हतात. तो हे दररोज करत होता, बर्फात, पावसात, वाऱ्यात.

सुरुवातीला देशाला फारसा पत्ता नव्हता. मग न्यूफाउंडलंडच्या दुसऱ्या टोकाला पोर्ट ओ बास्क हे छोटं बंदर आलं. गावाची वस्ती जेमतेम दहा हजार. त्या गावाने टेरीच्या हातात दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम ठेवली. म्हणजे माणशी एक डॉलर!

टेरीचं मूळ लक्ष्य दहा लाख डॉलरचं होतं, मग ते वाढून एक कोटीवर गेलं होतं. या गावाने त्याला नवा हिशेब शिकवला. कॅनडाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख होती. प्रत्येकाने एकच डॉलर दिला तर २ कोटी ४० लाख डॉलर होतील. टेरीने तेच लक्ष्य ठरवलं.

इथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. टेरी सगळीकडे तोच होता. पाय तोच, वेदना त्याच. पण प्रतिसाद जागोजागी वेगळा होता. क्युबेकमध्ये लोकांची भाषा फ्रेंच आणि टेरीच्या चमूला ती फारशी येत नव्हती. तिथे देणग्या फार थोड्या मिळाल्या, वाहनचालक त्याला रस्त्याच्या कडेला ढकलत होते. पुढे ओंटारिओ प्रांतात कॅन्सर सोसायटीच्या स्थानिक शाखांनी आधीपासून कंबर कसली होती. वाद्यवृंद आला, गावोगावी स्वागत झालं, डबे घेऊन स्वयंसेवक उभे राहिले. ११ जुलैला टोरंटोच्या चौकात १०,००० लोक जमले आणि त्या एका दिवसात १ लाख डॉलर गोळा झाले. पळणारा एकच असला तरी पैसा उभा राहिला तो स्थानिक माणसांनी घडी बसवली तिथे.

मोठा प्रायोजक काय करू शकतो?

फोर सीझन्स या हॉटेल-समूहाचे संस्थापक इसाडोर शार्प यांचा तरुण मुलगा १९७८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरने गेला होता. त्यांनी टेरीच्या चमूला वाटेत आपल्या हॉटेलांत राहण्याची सोय करून दिली. शिवाय दर मैलामागे दोन डॉलर देण्याचं जाहीर करून सुमारे हजार कंपन्यांना तसंच करायला सांगितलं. आपल्या हॉटेलच्या नावाने शर्यत भरवण्याऐवजी त्यांनी इतरांना सोबत घेतलं. अनेक प्रायोजकांनी आजही शिकावं असं हे आहे.

धाव थांबली

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराजवळ टेरीला खोकल्याची उबळ आली, छातीत दुखू लागलं, श्वास लागला. रस्त्याकडेला माणसं टाळ्या वाजवत उभी होती. त्यांच्यासमोरून तो पळत गेला आणि माणसं संपल्यावर गाडीत बसून म्हणाला, दवाखान्यात घेऊन चल. कॅन्सर दोन्ही फुफ्फुसांत पसरला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर पळाला होता.

मला रुग्ण विचारतात, "इतकं पळल्यामुळे कॅन्सर परत आला का?" नाही, असं मानायला आधार नाही. वर सांगितलेले सूक्ष्म कण फुफ्फुसात आधीपासून असतात आणि ते पुढे वाढतात. पण आणखी एक गोष्ट मी डॉक्टर म्हणून लपवणार नाही. वाटेत टेरी डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ करत असे. तपासण्या चुकल्या. त्याच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा असल्याचंही आधीच आढळलं होतं. त्याच्या जिद्दीला नमस्कार करा, पण तपासणी चुकवण्याचं अनुकरण करू नका. कॅन्सरच्या उपचारांनंतर ठरलेल्या तारखेची तपासणी हा उपचारांचाच भाग असतो.

धाव थांबल्यावर देश हलला. त्याच आठवड्यात दूरचित्रवाणीवर पाच तासांचा कार्यक्रम झाला आणि एक कोटी डॉलरहून अधिक देणग्या आल्या. १ फेब्रुवारी १९८१ रोजी एकूण निधी २ कोटी ४१ लाख ७० हजार डॉलर झाला. माणशी एक डॉलर हे लक्ष्य टेरीने जिवंतपणी पाहिलं. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, तो गेला.

मग सुरू झाली सर्वांची धाव

टेरी रुग्णालयात असतानाच शार्प यांची तार आली होती. तिचा मथितार्थ असा की तुझ्या नावाने दरवर्षी धाव भरवू आणि तुझं स्वप्न पूर्ण होईपर्यंत थांबणार नाही. टेरीने होकार दिला. पण त्याचे आणि पुढे त्याच्या कुटुंबाचे काही नियम होते, ते आजही पाळले जातात.

धावेत स्पर्धा नाही. पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षीस नाही. प्रवेश शुल्क नाही. पळा, चाला, सायकल चालवा, व्हीलचेअरवर या. कंपनीच्या नावाचे फलक मिरवायचे नाहीत. पैसे प्रामुख्याने कॅन्सर संशोधनासाठी.

१३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली टेरी फॉक्स रन झाली. कॅनडात आणि बाहेर ७६० हून अधिक ठिकाणी सुमारे ३ लाख लोक आले आणि ३५ लाख डॉलर जमले. हे सगळं कोणी केलं? शिक्षकांनी, दुकानदारांनी, परिचारिकांनी, निवृत्त माणसांनी. रस्ता आखणं, परवानगी काढणं, नोंदणीचं टेबल, पाणी, प्रथमोपचार, शेवटी मैदान झाडणं. प्रत्येक धावणारा शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे कागद घेऊन जातो आणि वीस-पन्नास डॉलर मागतो. तेच त्याचे प्रायोजक! आजवर या धावेतून ८५ कोटी कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त निधी उभा राहिला आहे.

आपला संबंधही सांगतो. मुंबईतही टेरी फॉक्स रन भरत आली आहे आणि तिच्या निधीतून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या कॅन्सर संशोधनाला मदत झाली आहे.

पैशाचं पुढे काय होतं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पळण्याने कॅन्सर बरा होतो का? थेट नाही. पण औषध उपयोगी आहे की नाही हे ठरवायला अभ्यास लागतो, आणि अभ्यासाला पैसा व माणसं लागतात.

टेरीच्या काळात ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांना केमोथेरपीचा खरंच फायदा होतो का, यावर डॉक्टरांमध्ये वाद होता. अमेरिकेत त्यावर एक अभ्यास झाला आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केलेले रुग्ण होते फक्त ३६. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी दिली, दुसऱ्याला फक्त लक्ष ठेवून तपासलं. दोन वर्षांनी आजार परत न आलेल्यांचं प्रमाण केमोथेरपीच्या गटात ६६ टक्के होतं, दुसऱ्या गटात १७ टक्के. वाद मिटला. त्या ३६ कुटुंबांनी अभ्यासात येण्याचं मान्य केलं, म्हणून आज जगभरातल्या मुलांना हा उपचार निःशंकपणे दिला जातो. माझ्या लेखी तेही स्वयंसेवकच.

आज बहुतेक ठिकाणी आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. अनुभवी केंद्रांत बहुसंख्य मुलांचा पाय कापावा लागत नाही. कॅन्सरग्रस्त हाड काढून कृत्रिम हाड व सांधा बसवतात. आजार पसरलेला नसेल तर शंभरातले साधारण ६० ते ७० रुग्ण दीर्घकाळ जगतात.

पण पूर्ण सत्य असं की हा आकडा १९८० च्या दशकानंतर फारसा पुढे सरकलेला नाही. फुफ्फुसात पसरलेल्या आजारात यश अजूनही कमी आहे, आणि मुख्य औषधंही बरीचशी तीच आहेत. टेरीचं काम अर्धं झालं आहे. उरलेलं आपल्यावर आहे.

तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी

पहिली, पालकांसाठी. वाढत्या वयात पाय दुखणं सामान्य आहे आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. घाबरू नका. पण पुढीलपैकी काही दिसलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा :

- दुखणं एकाच पायात, एकाच जागी आणि दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकलेलं
- विश्रांती घेऊनही दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं
- हाडाजवळ सूज किंवा गाठ, लंगडणं
- किरकोळ धक्क्याने हाड मोडणं

बऱ्याचदा एका साध्या एक-रेने शंका दूर होते. ही लक्षणं असताना महिनोन् महिने फक्त मालिश, लेप किंवा वेदनाशामक गोळ्यांवर काढू नका. गाठीवर जोरात मालिश तर नकोच. कॅन्सरची शंका असेल तर बायोप्सी जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे, शक्यतो त्याच केंद्रात करून घ्या. चुकीच्या जागी घेतलेल्या बायोप्सीमुळे पाय वाचवणं अवघड होऊ शकतं.

दुसरी, चॅरिटी रनमध्ये भाग घेणाऱ्यांसाठी. पैसे नेमके कुठे जाणार हे विचारा, पावती घ्या. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. ताप असेल त्या दिवशी पळू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. आणि पळता येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पाण्याच्या टेबलामागे उभं राहायलाही माणसं लागतात.

पुढच्या वेळी गल्लीतला एखादा मुलगा कागद घेऊन दारात आला आणि म्हणाला, "काकू, मी पाच किलोमीटर चालणार आहे, किलोमीटरला दहा रुपये द्याल का?", तर त्याला पन्नास रुपये द्या. पोर्ट ओ बास्कच्या लोकांनीही माणशी एकच डॉलर दिला होता.